बाबांना हवी बाल्कनी

ऑस्लो
रविवार, ९ मार्च २०२५

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा चिडले तेव्हा मी वाद घातला नाही, कारण मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि अर्धं बोलणं त्यातच गेलं असतं. म्हणून लिहून पाठवते. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, आणि पूर्ण होईपर्यंत त्यांना मध्ये बोलू देऊ नकोस.

बाबा, तुमचं म्हणणं, उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या जहाज-सफरीला आयुष्यात एकदाच जायचं तर सहाव्या डेकवरची, म्हणजे सहाव्या मजल्यावरची, बाल्कनीची केबिन घ्यावी, आणि मी पैसे वाचवायला तुम्हाला ‘तळघरात’ टाकते आहे. पैसे वाचतात हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण आपल्या परसातला माड आठवा. वारा सुटला की बुंधा जागचा हलत नाही आणि शेंडा झुलत राहतो. जहाजाचं तसंच आहे, पाण्यापासून जितकं वर जाल तितका झोका मोठा. आणि पुढे-मागे बघायचं तर ती एसटी समजा. शेवटच्या बाकावरचा माणूस खड्ड्याखड्ड्याला उडतो, मधल्या सीटवरचा घोरत असतो. दाभोळची फेरीबोट इनमिन दहा-पंधरा मिनिटांची, तीसुद्धा आईला लागते. तिला जहाजाच्या शेंड्यावर नेऊन बसवायचं का?

स्वालबार्डच्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांमध्ये, पाणी बहुतेक वेळा खाडीसारखं शांत असतं. पण पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना उघडा समुद्र लागतो, आणि हे टप्पे बरेचदा रात्रीच पार करतात, म्हणजे नेमके आपण अंथरुणावर असताना. (रात्र म्हणायची आपली सवय. जुलैत तिथे सूर्य मावळत नाही. आई, मध्ये संकष्टी आलीच तर उपास कधी सोडायचा ते गुरुजींना आत्ताच विचारून ठेव, पंचांगात तिथल्या लाँगइयरब्येन गावाचा चंद्रोदय नसणार.)

मागच्या वर्षी मी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेले होते तेव्हा स्वस्त दिसली म्हणून अगदी पुढची, नाळेजवळची केबिन घेतली होती. नकाशात ती चांगली ऐसपैस दिसत होती. प्रत्यक्षात भिंत आतल्या बाजूला तिरकी, कपाटाचं दार पलंगाला अडायचं, आणि पहाटे पाचला नांगर टाकला की साखळीचा आवाज असा, जणू कोणी उशाशी पत्र्यावर डंपरभर खडी ओततंय. तीन पहाटे असं उठल्यावर चौथ्या दिवशी आम्ही आपोआपच पाचला जाग्या होऊन वाट बघत होतो. मागच्या टोकाच्या केबिनवाल्यांना इंजिनाची घरघर होती. तेव्हापासून मी केबिनचा फोटो बघत नाही, डेकचा आराखडा बघते. वर-खाली काय आहे, शेजारी कुठला जिना आहे, समोर लाइफबोट टांगलेली आहे का. एका केबिनला ‘मोठी खिडकी’ लिहिलं होतं, आराखड्यात पाहिलं तर खिडकीसमोर नारिंगी लाइफबोटीचं पोट.

आणि बाल्कनी वापरणार कधी? अस्वल दिसलं की खोलीतल्या स्पीकरवर घोषणा होते आणि सगळे टोप्या सापडतील तशा घालून उघड्या डेकवर धावतात, कारण तिथून दोन्ही बाजू दिसतात. तुम्ही बाल्कनीत उभे असाल आणि अस्वल पलीकडच्या अंगाला. उजवी बाजू घ्यायची की डावी, हे तुम्ही विचारलं होतं ना, त्याचंही उत्तर हेच. फ्योर्डात जहाज आत जातं, वळतं, त्याच वाटेने बाहेर येतं. दोन्ही बाजू सारख्याच.

जहाज मुद्दाम छोटं निवडलंय, शंभरेक प्रवाशांचं. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला जाता येत नाही, आणि त्या भागात उतरायच्या जागाही ४३ च ठरवून दिल्यात. अशा जागी धक्का नसतो. जहाज बाहेर उभं राहतं आणि रबरी बोटीतून किनाऱ्यावर नेतात. बाबा, तुम्ही लहानपणची आगबोट सांगता ना, हर्णैला बाहेर उभी राहायची आणि पडावातून उतारू यायचे, हुबेहूब तेच. फरक इतकाच की इथे बरोबरचा माणूस बंदूक घेऊन उतरतो, अस्वलासाठी. (आई, आजीची बुडालेल्या ‘रामदास’ बोटीची गोष्ट आता काढू नकोस.)

आणखी एक, खास बाबांसाठी. सफरीच्या यादीत न्यू-ऑलेसुंद गाव आहे. तिथे आपल्या देशाचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. ते चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला. गावात शिरण्याआधी फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं, तिथल्या यंत्रांना अडथळा नको म्हणून. प्रत्यक्ष उतरू की नाही हे बर्फ आणि वारा ठरवणार, तेव्हा शेजारी आत्ताच सांगून येऊ नका.

आता मुद्द्याचं. दोन केबिन शुक्रवारपर्यंत राखून ठेवायला सांगितल्यात, दोन्ही जहाजाच्या मध्यावर, दोन्हींत दोन वेगळे पलंग. तिसऱ्या डेकवरचीला पोर्टहोल, म्हणजे छोटी गोल खिडकी, आहे. समुद्र खवळला की त्यावर लोखंडी झाकण बसवतात. हलणं सगळ्यांत कमी, झाकण लावलं की मिट्ट काळोख (त्या उजेडात याची किंमत कळेल), आणि रबरी बोटींचा दरवाजा त्याच डेकवर. पण जेवणघर चौथ्यावर, बैठकीचा हॉल पाचव्यावर, आणि लिफ्ट नाही. चौथ्या डेकवरचीला चौकोनी खिडकी आहे, जेवण त्याच मजल्यावर, बोटीसाठी एकच जिना खाली. झोका किंचित जास्त. बाथरूमचा उंबरठा दोन्हीकडे चांगला वीतभर आहे, रात्री आईने दिवा लावूनच जायचं. खुंट्या दोन्हीकडे कमीच, म्हणून ओले कपडे वाळवायला दोरी मी आणते.

मी स्वतः दुसऱ्या एका बाईंबरोबर केबिन वाटून घेते आहे, कारण एकटीने घेतली तर भाडं १.७ पट. तिघांची एकच केबिन मिळत होती, पण वरचा बर्थ, एकच बाथरूम आणि बाबांची सकाळ, हे मला झेपणार नाही.

व्हिसाच्या अर्जात दोनदा प्रवेशाचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) मागा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर धरतात, त्यामुळे तिथून ऑस्लोला परत येणं म्हणजे दुसरा प्रवेश. एजंटाला हे ठाऊक असेलच असं नाही.

माझं मन चौथ्या डेकवर आहे. पण ठरणार बाबांच्या गुडघ्यावर. उद्या सकाळी पायात जड बूट घालून गच्चीचा जिना तीनदा चढा-उतरा, कठडा धरून. आई, तू खाली उभी राहा आणि तिसऱ्या खेपेला ते किती वेळ थांबले ते मला कळव. त्यांना विचारू नकोस, ते नाहीच सांगणार.

तुमची,
मनू

ता. क. – आलेपाकाच्या वड्या जास्त करून आण. मागच्या वेळी माझ्या बोटीवर मैत्रिणीनेच संपवल्या.