शेजाऱ्यापेक्षा खोल

माननीय संपादक महोदय,

आमच्या शिवारात यंदा पुन्हा बोअरची गाडी आली आणि जमिनीतले पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर जिथे नारळ उभा राहिला होता, तिथे चारशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा उडाला. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने तीनशे फूट घेतले म्हणून मी चारशे घेतले. आता तो पाचशेची भाषा करतो. दोघांच्याही मोसंबीची पाने मात्र गळत आहेत.

आपल्या काळ्या कातळात पाणी मुख्यतः वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते. खोल गेल्याने ते वाढतेच असे नाही, उलट अनेकदा उथळ विहिरींचेच पाणी खाली ओढले जाते. म्हणूनच महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये शेतीसाठी ६० मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फुटांपेक्षा) खोल विहिरींना मनाई आहे. तो आम्ही सारेच मोडतो, मीसुद्धा (हे लिहिताना संकोच वाटतो).

पाणी उरलेले बोअर सामाईक चालवावेत, असे मी ग्रामसभेत सुचवले तेव्हा शेजारी हसला. त्याला दोष कसा देऊ? गेल्या वर्षी त्याने हेच सुचवले, तेव्हा मी हसलो होतो.

आपला,
एक मोसंबी उत्पादक, जि. जालना