पार्किंग मीटर घ्या, पण रस्त्याची वसुली ठेकेदाराला विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि रस्त्यावरच्या पार्किंगसाठी मीटर, सेन्सर, ॲप यांची चर्चा पुन्हा सुरू होणार हे उघड आहे. स्मार्ट सिटीच्या काळात असा एक प्रयोग नाशिकने पाहिला आहे. पुढची निविदा निघण्याआधी काही गोष्टी महापालिकेने आणि नगरसेवकांनी नीट तपासाव्यात, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न दुचाकीचा. मेन रोड, एम. जी. रोड, शालिमार, रविवार कारंजा, कुठेही पाहा, दुचाकींची रांग सर्वांत लांब. पार्किंगची यंत्रे मात्र मोटारीसाठी घडली. यंत्रातून पावती घ्यायची आणि काचेच्या आत डॅशबोर्डवर ठेवायची, ही जगात रुळलेली पद्धत दुचाकीला लागूच पडत नाही. हँडलला अडकवलेली पावती भिजते, उडते किंवा कुणीतरी काढून नेते. शिवाय पावसाळ्यात थर्मल कागद ओलाव्याने फुगून यंत्रात अडकतो आणि रोल संपला की यंत्र बंद. म्हणून पावतीचे यंत्र घेऊच नये. गाडीच्या नंबरावर पैसे भरायचे, तपासनिसाने हातातल्या यंत्रावर नंबर टाकून वेळ शिल्लक आहे का ते पाहायचे, एवढे पुरते. पडद्यावर ‘एमएच १५’ आधीच भरलेले असावे. मग स्थानिक वाहनचालकाला फक्त मालिकेची अक्षरे आणि चार आकडे दाबावे लागतील. मजकूर मराठीतच हवा.

जागा रिकामी आहे की भरलेली हे ओळखणाऱ्या, जमिनीत पुरायच्या सेन्सरवर एक रुपयाही घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोटारीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. मधोमध बसवलेला चुंबकीय सेन्सर वर मोटार आली की ओळखतो; त्याच जागेत चार-पाच दुचाकी वेड्यावाकड्या लागल्या की त्याचा हिशेब चुकतो. बॅटरी आत बंद असते, ती संपली की रस्ता खोदावा लागतो आणि डांबराचा नवा थर पडला की सेन्सर त्याखाली गाडला जातो. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये मोठ्या खर्चाने सेन्सर लावले, २०१३ च्या अखेरीस ते बंद केले आणि पुढे मीटरवर भरलेल्या पैशांच्या नोंदींवरून जागा किती भरते याचा अंदाज बांधून दर ठरवले. आपल्याकडे एखाद्या कामाच्या दिवशी आणि एखाद्या रविवारी, दर तासाला एका माणसाने गाड्यांचे नंबर टिपत रस्त्याने फेरी मारली तरी दर ठरवण्यापुरती माहिती मिळते. कोणती गाडी सकाळपासून हललेली नाही, हेही त्यातून कळते. बाजारपेठेत असा दिवसभराचा मुक्काम दुकानदारांच्या आणि कामगारांच्या गाड्यांचा असू शकतो. त्यांच्यासाठी थोड्या अंतरावर स्वस्त मासिक पास ठेवावा.

यंत्र पंधरा-एक जागांमागे एक असावे. गंगापूर रोडसारख्या ठिकाणी झाडांच्या सावलीत सौर पॅनल पुरेसे भरत नाही, जुलै-ऑगस्टच्या ढगांत तर उघड्यावरचेही नाही. सूर्यप्रकाशाशिवाय किमान दहा दिवस चालेल एवढी बॅटरी निविदेत मागावी, किंवा पथदिव्याच्या खांबावरून जोडणी द्यावी. मात्र पथदिव्यांच्या वीजवाहिनीला बहुधा रात्रीच वीज असते, त्यामुळे रात्री भरून दिवसभर पुरणारा चार्जर लागेल. यंत्राला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा मोडेम सुटा, बदलता येणारा हवा. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१७ मध्ये टूजी आणि २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले; अशा वेळी मोडेम मुख्य बोर्डावरच जोडलेला असेल तर चांगले चालणारे यंत्रही भंगारात जाते.

पैसे भरण्यासाठी यूपीआय आपल्याकडे सर्वांत सोपे आणि जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापारी शुल्कही नाही. पण खांबावर छापील क्यूआर चिकटवू नये. टेक्सासमधल्या शहरांत २०२२ च्या सुमारास मीटरवर भामट्यांनी आपले स्टिकर लावून लोकांचे पैसे लाटले. क्यूआर दर वेळी पडद्यावर नवा तयार व्हावा आणि पैसे थेट महापालिकेच्या खात्यात जावेत. नाण्यांची खाच ठेवली की ती अडकते आणि पेटी फोडली जाते. रोखीने भरणाऱ्यांची सोय जवळच्या दुकानात, दुकानदाराला थोडे कमिशन देऊन, करता येईल.

आता पैशांचे. वर्षाची ठरावीक रक्कम बोलून ठेका घ्यायचा आणि वर जमेल तेवढे वसूल करायचे, या पद्धतीत ठेकेदाराचा फायदा दुहेरी रांग लावण्यात आणि रोखीने घेण्यात असतो. महापालिकेच्या हाती आकडेवारी काहीच राहत नाही. याचे मोठे रूप शिकागोत दिसले. २००८ मध्ये त्या शहराने सुमारे ३६ हजार मीटर ७५ वर्षांसाठी सुमारे ११५ कोटी डॉलरना एका खासगी कंपनीला देऊन टाकले. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी ही रक्कम जवळपास ९७ कोटी डॉलरने कमी असल्याचे सांगितले.

नाशिकपुरता हिशेब गृहीत आकड्यांवर करून पाहू. मोटारींच्या २०० जागा, तासाला २० रुपये, रोज दहा तास, ६० टक्के वेळेचे पैसे भरले गेले आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ७२ लाख रुपये येतात. यंत्रे १४; प्रत्येकी चार लाख धरले तर ५६ लाख. आठ तपासनिसांचा पगार महिना २५ हजारांनी वर्षाला २४ लाख, देखभाल यंत्रांच्या किमतीच्या १५ टक्के म्हणजे ८ लाख ४० हजार, आणि आठ वर्षांनी यंत्रे बदलायची तर दरवर्षी सात लाख बाजूला. खर्च ३९ लाख ४० हजार. पण पैसे भरण्याचे प्रमाण निम्म्यावर आले की उत्पन्न ३६ लाखांवर येते आणि योजना तोट्यात जाते. म्हणजे सारी भिस्त तपासणीवर आहे. शुल्क महापालिकेचे आणि दंड वाहतूक पोलिसांच्या ई-चलनातून, अशी विभागणी असताना दोन्ही यंत्रणा जोडल्या नाहीत तर न भरणारा सुटतो आणि भरणारा मूर्ख ठरतो. हा करार यंत्र खरेदीच्या आधी व्हायला हवा.

ठेकेदाराला वसुलीतला वाटा न देता चालू यंत्रामागे ठरलेली सेवा-रक्कम द्यावी आणि यंत्र बंद राहिलेल्या तासांची कपात करावी. उरलेले उत्पन्न त्याच रस्त्यावर खर्च करण्याचा ठराव महासभेने करावा. कॅलिफोर्नियातल्या पॅसडीनाने १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर लावले ते याच बोलीवर; पदपथ, दिवे, स्वच्छता यांवर तो पैसा गेला आणि व्यापाऱ्यांचा विरोध मावळला. मेन रोडच्या व्यापाऱ्यांनाही तेवढी लेखी हमी मिळायला हवी.

आणखी एक अट. शिकागोला रस्ते बंद ठेवल्याबद्दल कंपनीला भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे गणेश विसर्जनाची मिरवणूक मेन रोड, एम. जी. रोडने जाते, रंगपंचमीला रहाडींभोवतीचे (रंगाच्या जुन्या हौदांभोवतीचे) रस्ते माणसांनी भरतात आणि सिंहस्थात तर पर्वणीच्या दिवशी गाड्यांना वावच नसतो. अशा दिवसांसाठी कोणतीही भरपाई मिळणार नाही, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

आपले,
रस्ते व वाहतूक क्षेत्रात काम करणारे काही नाशिककर