आई-बाबा, गुरुवारी माझं मेडिकल आहे

आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितेय. बँकेत मी परवा राजीनामा दिला. ओरडू नका, नोटीस पिरियड ३ महिन्यांचा आहे, आत्ता दिला तर कुठे जॉइनिंगपर्यंत सुटेन, आणि गडबड झालीच तर मागे घ्यायचं मॅनेजरशी बोलून ठेवलंय. गुरुवारी भायखळ्याच्या रेल्वे हॉस्पिटलात मेडिकल आहे, असिस्टंट लोको पायलटचं, म्हणजे रेल्वे इंजिन ड्रायव्हरच्या मदतनिसाचं. परीक्षा, सायको म्हणतात ती मानसिक चाचणी, सगळं झालं तरी तुम्हाला कळू दिलं नाही, ते चुकलंच. पण पुढे मेडिकल आहे म्हटल्यावर तोंडच उघडेना, बाबांचं तेव्हा रंगांवरून काय झालं माहितीये ना.

रक्त, लघवी, छातीचा एक्सरे हे सगळीकडे असतंच. इथे खरी भानगड डोळ्यांची. ए-वन लागतं, म्हणजे दोन्ही डोळे बिनचष्म्याचे ६/६, लेसर करून नंबर घालवलेलाही चालत नाही. त्यात एक गंमत म्हणजे डोळ्यासमोर प्लस २ ची काच धरून तक्ता वाचायला लावतात, आणि तेव्हा अक्षरं पुसट दिसायला हवीत! स्वच्छ दिसली तर लपलेला नंबर आहे म्हणून बाद. न दिसल्याबद्दल पास करणारी ही एकच परीक्षा असेल. मग अंधारात दिसतं का, आणि रंग.

बाबा, हे तुमच्यासाठी. मी इथे पुण्यात आधीच तपासून घेतलंय, ठिपक्यांमधले सगळे आकडे वाचले. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, रंगांधळेपणाचा तुमचा एक्स क्रोमोसोम माझ्याकडे आलाय पण आईचा दुसरा चांगला आहे, त्याने भागतं. दादाकडे तर तुमचा एक्स गेलाच नाही, त्याला उगाच लहानपणी मोजे दाखवून छळलं आपण! मंडईत तुम्ही टोमॅटो हळूच माझ्या हातात द्यायचात आणि मी "हा कच्चा, हा पिकला" सांगायचे, मला वाटायचं हा आपला खेळ आहे. तुम्ही कुणाचं काही बिघडवलेलं नाहीये, कळलं?

राहायला दादरला मावशीकडे आहे, डबा तीच देणार, दोन-तीन दिवस लागले तरी अडचण नाही. फी फक्त २४ रुपये, तेव्हा पैसे पाठवू नका. आई, इंजिनात बाथरूम नसतं हे तुला कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगते, बऱ्याच इंजिनांत नसतं, त्रास आहे. पण आपल्या साताऱ्याच्या इंजिन ड्रायव्हर सुरेखा यादव ३६ वर्षं नोकरी करून २०२५ ला रिटायर झाल्या, तेव्हा तर बायका नव्हत्याच या कामात.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, आणि मोतीबिंदूची तारीख या महिन्यात घ्यायची, हिवाळा बिवाळा काही नाही. आई, माझ्यासाठी नवीन गुरुवार धरू नकोस, आधीच ॲसिडिटी आहे. गिझर चालू ठेवून देवळात जाऊ नका.

गुरुवारी सुटले की लगेच फोन करते. बाबा, तेवढा फोन आईकडे देऊ नका, तुमच्याशीच बोलायचंय.

तुमची,
छकुली