केळी नकोत, खुर्ची ओढून बसा

महोदय,

गेली चार वर्षं मी दर गुरुवारी दुपारी शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जाते. कुणाची पुण्यतिथी असो की नगरसेवकाचा वाढदिवस, तिथं केळी येतात. वाटप होतं, फोटो निघतो, अर्ध्या तासात मंडळी गाडीत. मधुमेह्यांच्या उशाशी केळी काळी पडतात.

मागच्या पावसाळ्यात एका आजींच्या कानाच्या मशिनचा सेल संपला, तो तीन आठवडे कुणी बदललाच नाही. तोवर ‘आजी फार हट्टी झाल्यात, हाक मारली तरी ओ देत नाहीत,’ असा बोलबाला झाला होता. ऑफिसात सांगू का, असं मी कागदावर लिहून विचारलं. त्यांनी माझा हात दाबला. “नको गं बाई. तू पाचला घरी जाशील, मला इथंच राहायचंय.” पुढच्या गुरुवारी त्या हो म्हणाल्या, तेव्हाच मी बोलले. सेल दुसऱ्या दिवशी आला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. रात्रपाळीला तीस जणांमागे एकच मावशी असते, तिनं काय काय पाहावं?

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आपल्याकडे आहे. मुलगा सांभाळत नसेल तर न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते, आणि स्वतःला अर्ज करणं जमत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला तसा अधिकार देता येतो. पण जेवण गार येतं, डायपर वेळेवर बदलत नाहीत, ही गाऱ्हाणी पोटगीच्या अर्जात कुठे बसवायची? १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे खरी, पण आमच्या आश्रमात फोन आहे व्यवस्थापकांच्याच टेबलावर!

अमेरिकेत अशी गाऱ्हाणी ऐकून ती सोडवायला ‘ओम्बड्समन’ची, म्हणजे राहणाऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या तक्रार-निवारकांची, व्यवस्था आहे. १९७२ मध्ये ती काही राज्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि १९७८ मध्ये कायद्यानं प्रत्येक राज्याला बंधनकारक झाली. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत, जातात, राहणाऱ्यांशी एकांतात बोलतात आणि त्यांच्या संमतीशिवाय नाव वा तक्रार पुढे नेत नाहीत. संपर्काचा पत्ता भिंतीवर लावावाच लागतो. तिथली नर्सिंग होम्स आदर्श आहेत असं मुळीच नाही, म्हणून तर ही माणसं लागतात.

समाजकल्याण खात्यानं निवृत्त परिचारिका, शिक्षक, बँकवाले यांना थोडं शिकवून, ओळखपत्र देऊन जिल्ह्यातल्या आश्रमांत पाठवावं. आठवड्याचे दोन तास देणारी माणसं मिळतील, माझ्याच ओळखीत चार-पाच आहेत. आम्हाला मानधन नको. पण आज व्यवस्थापकांची मर्जी असेल तरच आम्ही आत जातो. मी सेलबद्दल बोलले, त्यानंतरचे दोन गुरुवार मला ‘आज आजी झोपल्यात’ असं फाटकावरच सांगण्यात आलं.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक