पडेल भावात काही द्यायचं नाही

नाशिक,
श्रावण

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेल्या दोन्ही सुटकेस उघडल्या आणि सगळं पलंगावर मांडून नीट पाहिलं. "आई, येईल त्या भावात काढून टाक, कॅनडाला जायच्या आधी सगळं मोकळं झालं पाहिजे," असं तू फोनवर म्हणालीस. मोकळं करू, पण येईल त्या भावात नाही. यातली एकेक वस्तू तुम्ही दोघांनी पगारातून पैसे बाजूला टाकून घेतली आहे. घाई तुझी आहे, आणि ती समोरच्याला कळली की तो भाव पाडणारच.

परवा जुन्या ब्रँडेड वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. लेहेंगा, पर्सा, पैठणी, घड्याळ, गॉगल, सगळ्याचा मिळून त्यांनी एकच आकडा सांगितला. मी चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. लॉटमध्ये विकलं की चांगल्या वस्तूचा भाव मिळतो आणि बाकीच्या फुकटात जातात. मी इतकी वर्षं ब्लाउज शिवते, गिऱ्हाइकांच्या साड्या हातात येतात, त्यावरून एवढं पक्कं सांगते की ज्याला ज्या वस्तूची ओळख आहे, त्यालाच ती दाखवायची. पैठणीची पारख असलेली बाई पर्सच्या शिक्क्याकडे ढुंकून बघणार नाही, आणि पर्सवाल्याला पैठणीचा पदर म्हणजे नुसतं रंगीत कापड.

आधी तुझी ती लुई व्हिताँ या फ्रेंच कंपनीची मोठी पर्स, कारण खरा पैसा तिच्यात आहे. तिचं तपकिरी अंग चामड्याचं नाही, वरून लेप दिलेलं सुती कॅनव्हास आहे. चामडं आहे ते पट्ट्यांना आणि कडांना, तेही रंग न दिलेलं, म्हणून हाताच्या तेलाने पट्टे मधासारखे गडद झालेत. ते डाग समजून लिंबू, साबण, बेबी वाइप असलं काही लावू नकोस म्हणून मुद्दाम लिहिते. जाणकार गिऱ्हाइकाला तो रंग चालतो. घासून पडलेला पांढरट चट्टा चालत नाही. खालचे चारही कोपरे मी भिंगाखाली पाहिले. एका कोपऱ्याची किनार जराशी उघडली आहे. चांभाराकडून चिकटवून घ्यायची नाही. मूळ शिवणीवर बाहेरचा डिंक दिसला की घेणारा पर्सच्या बाकी भागावरही संशय घेतो. आतल्या कप्प्यात निळ्या पेनाचा एक ठिपका आहे, तो तसाच राहू दे, फोटोत दाखवू.

आतल्या बाजूला चामड्याच्या छोट्या पट्टीवर दोन अक्षरं आणि चार आकडे आहेत, ते तू कधी वाचले नसशील. 2007 पासूनच्या या कंपनीच्या पर्सवर पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून साल. तुझ्या पर्सवर 1138 आहे, म्हणजे 2018 सालचा 13 वा आठवडा. 2021 पासून त्यांनी हे आकडे बंद करून आत चिप घालायला सुरुवात केली. त्यामुळे कोणी "2023 ची पर्स" म्हणून असे आकडे दाखवले तर तिथेच थांबायचं. पण आकडे बरोबर आहेत म्हणून वस्तू अस्सल ठरत नाही. नक्कल करणारेही आकडे छापतात. म्हणून बिल, डबा, पिवळी कापडी पिशवी, दुकानाची कागदी पिशवी, जे जे असेल ते सगळं लागेल. डबा आणि पिशवी माझ्याकडे आहे. बिल नाही. तू ते ईमेलवर मागवलं होतंस का ते आज शोध. बिलाचा फोटो टाकताना नाव, फोन नंबर आणि कार्डाचे आकडे झाकायचे.

किंमत ठरवताना तू किती पैसे मोजलेस हे विसर. घेणारा आज इथल्या दुकानातली किंमत बघतो. परदेशी पर्सवर आपल्याकडे आयात शुल्क पडतं, त्यामुळे पॅरिसला घेतलेल्या पर्सपेक्षा तीच पर्स मुंबईच्या दुकानात महाग असते, आणि या कंपनीने अलीकडे भाव बऱ्याचदा वाढवलेत. दोन्ही गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत. दुसरं म्हणजे लोक काय मागतात आणि प्रत्यक्षात कितीला जातं यात फार फरक असतो. ऑनलाइन कोणीही वाटेल तो आकडा लिहून वस्तू महिनोन्महिने लावून ठेवतं. ज्यांच्यावर विकल्याची खूण आहे, त्यातल्या तुझ्याच मापाच्या, तुझ्याच रंगाच्या पर्सा बघ. तुझा भाव तिथून काढायचा.

दोन मार्ग आहेत. दुकानदार सरळ विकत घेतो, किंवा कमिशनवर ठेवून घेतो आणि विकल्यावर पैसे देतो. कमिशनवर जास्त येतात असं सगळे सांगतात, तरी तू कागदावर मांडून बघ. समजा पर्स 60,000 ला गेली आणि कमिशन 20 टक्के. 12,000 त्यांचे. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 2,160. हातात उरले 45,840, तेही पर्स विकली गेली तर आणि तेव्हा. यातून कुरिअर आणि अस्सल असल्याची तपासणी हे खर्चही ते कापून घेणार का, विकली नाही तर परत कोण आणि किती दिवसांत पाठवणार, मधेच भाव कमी करायचा झाला तर तुला विचारणार का, हे आधी लेखी घ्यायचं. आणि दुसरा कोणी आज रोख 44,000 देत असेल तर तुझ्या परिस्थितीत मी त्यालाच देईन. तुला जायची तारीख आहे, पैशासाठी परदेशातून पाठपुरावा करणं जमणार नाही.

पर्स नाशिकमध्ये विकायचा आग्रह मी धरणार नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोडला हौशी बायका भरपूर आहेत, पण जुनी पर्स ओळखून चांगला भाव देणारं गिऱ्हाईक मुंबईत जास्त. बाबा पंचवटी एक्सप्रेसने जाऊन स्वतः दाखवून येतील म्हणालेत. दोन-तीन ठिकाणी त्याच दिवशी दाखवायची आणि तिघांचे आकडे हातात आल्याशिवाय कोणाला हो म्हणायचं नाही.

ती दुसरी काळी पर्स, बँकॉकहून मैत्रिणीने आणलेली, ती मी वेगळी काढून ठेवली आहे. ती फर्स्ट कॉपी आहे. चेन हलकी आहे, आतला शिक्का वाकडा आहे. "नकली आहे असं सांगूनच विकू" असं तुझ्या मनात असेल तर तेही नको. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा नसता तरी आपल्या घरातून ती कोणाला गेलेली मला चाललं नसतं. ती वापर किंवा कापून फेक.

लेहेंग्याचं वेगळं आहे. डिझायनर लेहेंगा लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच अर्ध्यावर येतो आणि फॅशन बदलली की आणखी खाली. त्याला पर्ससारखं थांबवून ठेवण्यात अर्थ नाही, पण या महिन्यात लावण्यातही अर्थ नाही. आता चातुर्मास चालू आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि मुलींची खरेदी नवरात्रापासून सुरू होते. तेव्हा घटस्थापनेच्या आठ दिवस आधी जाहिरात गेली पाहिजे. तुझ्या चोळीचा दाब, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड, मी उसवून पाहिला. दोन्ही बाजूंना चांगला दीड इंच आहे, घेराच्या नाडीलाही वाव आहे. हे जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहायचं, कारण दुसऱ्याच्या मापाचा लेहेंगा घेताना बाईला एवढीच भीती असते. छाती, कंबर आणि लेहेंग्याची उंची इंचात दे. नुसतं "मीडियम" लिहून कोणाला काही कळत नाही. आणि कोणत्या डिझायनरचा, कोणत्या साली घेतला, किती वेळा घातला, हे खरं खरं लिही. एकदाच घातलेला आहे, तेवढंच पुरे.

वस्तू नीट ठेवायचं मी बघते. जरदोसी कामाला प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि तार काळी पडते, म्हणून ती पिशवी आधी काढून टाकली आणि मलमलच्या जुन्या धोतरात गुंडाळला. डांबराच्या गोळ्या तू कुठेच घालू नकोस. तो वास कपड्यातून आणि पर्सच्या अस्तरातून निघत नाही आणि पार्सल उघडताच गिऱ्हाईक परत पाठवतं. पर्सच्या आत वर्तमानपत्र कोंबलं होतंस तेही काढलं, शाई अस्तराला लागते. पांढरा सुती कपडा भरला आहे. या पावसात आठवड्यातून एकदा सगळं सावलीत वाऱ्याला ठेवते, नाहीतर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

सासरकडून आलेली जांभळी पैठणी तुला नको असेल तर मला वाईट वाटणार नाही, पण सासूबाईंच्या कानावर घालून मगच. ती येवल्याची हातमागाची आहे. पदर उलटा करून पाहिला, मोर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या पदराला मागून धागे दिसतात. अशी पैठणी जुन्या जरीची खरेदी करणाऱ्याच्या तराजूवर जाता कामा नये; तो वजनाचा भाव देतो, विणकराच्या हाताचा देत नाही. माझ्याच गिऱ्हाइकांत लग्नघरं आहेत, त्यांना दाखवते. इथे कमिशन कोणाला द्यायचं नाही.

घड्याळाला पॉलिश करून घ्यायचं नाही, ओरखडे असू देत. मूळ डबा, वॉरंटी कार्ड आणि पट्ट्याच्या काढलेल्या कड्या शोधायला जावईबापूंना सांग. गॉगल आणि सँडल कुरिअरच्या खर्चाच्या मानाने परवडणार नाहीत, ते मामेबहिणीला देऊन टाक.

बाबांनी एक लिहायला सांगितलं. स्वतःच्या वापरातले कपडे, पर्स अशा वस्तू प्राप्तिकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे त्या विकल्यावर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. दागिन्यांना मात्र ही सूट नाही, म्हणून त्यात दागिना मिसळायचा नाही.

आणि ऑनलाइन कोणी "ताई, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील" म्हणालं तर फोन ठेवून दे. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, जायला लागतो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या खात्यात दिसल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही. चुकून काही झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या नंबरला फोन. पार्सल बांधताना आतले आकडे, कोपरे आणि सील लावेपर्यंतचा सलग व्हिडिओ काढायचा. तुझी अस्सल पर्स ठेवून घेऊन नकली परत पाठवणारे लोक आहेत, तेव्हा तोच व्हिडिओ उपयोगी येतो.

फोटो मी गॅलरीत सकाळच्या उजेडात काढते, फ्लॅश न लावता, पांढऱ्या चादरीवर. उघडलेला कोपरा आणि पेनाचा ठिपका दोन्ही जवळून घेते. दोष आधी दाखवला की नंतर कोणी त्यावरून भाव पाडू शकत नाही.

आता तुझ्याकडून हवं ते. पर्सचं बिल, घड्याळाचं कार्ड, लेहेंग्याच्या दुकानाची पावती आणि प्रत्येक वस्तूचा तुझा शेवटचा आकडा, ज्याच्या खाली तू जाणार नाहीस. तो आकडा मला आणि बाबांनाच कळव, जाहिरातीत नको. बाबांचं मुंबईचं तिकीट काढायचं आहे, म्हणून रविवारच्या आत पाठव.

जावईबापूंना आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई