टिकली काढून ठेवायला सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

स. न. वि. वि.

फी दिली की आभार फिटले, असं आम्ही सदाशिव पेठेतले लोक मानतो. तरी हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. ॲक्युपंक्चरच्या सुयांचे पैसे चुकते केले. त्या सुयांविषयी तुम्ही जे खरंखरं सांगितलंत, त्याचे आभार राहिले आहेत.

डिप्रेशनच्या गोळ्यांनी माझं रडू थांबलं होतं. पण झोप तुटक, आणि संध्याकाळी सारसबागेपर्यंत जायचं तरी अंगावर काटा. "गोळ्यांच्या जोडीला ॲक्युपंक्चर करून बघा," असं माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनीच सुचवलं. घरात लगेच "चिनी औषध कशाला?" झालं. १९३८ साली डॉ. कोटणीसांसोबत चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बसू यांनीच पुढे चीनमध्ये शिकून ही विद्या भारतात आणली, एवढं सांगितल्यावर सगळे गप्प बसले.

मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे आडवी होण्याआधीच विचारलं, "कपाळाला सुई टोचून मनाला कसं बरं वाटेल?" दुसरं कुणी 'ऊर्जा मोकळी होते' म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही कागद ओढून मेंदूचा छेद काढलात. (नावांच्या रेघा समांतर नव्हत्या. मी अर्धा गुण कापला असता.)

त्यात बदामाएवढा अमिग्डाला होता, धोक्याची दखल घेणारा. डिप्रेशनमध्ये तो बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त चेततो. शेजारी आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कॅथलीन हुई यांच्या गटानं अंगठ्याजवळच्या 'हेगू' बिंदूत सुई फिरवत असताना एफएमआरआयवर, म्हणजे मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनवर, मेंदू पाहिला. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सुईच्या जागी जडपणा, झिणझिण्या जाणवल्या, त्यांच्या या दोन्ही भागांतली हालचाल मंदावलेली दिसली. ज्यांना नुसतं दुखलं त्यांचं चित्र वेगळं होतं. "पण ती निरोगी माणसं होती, डिप्रेशनची नव्हे," हे मी विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात. ताण दिलेल्या उंदरांना सुयांतून सौम्य वीज दिली, तर हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं, असंही काही प्रयोगांत दिसलं आहे. त्यावर तुमचं उत्तर, "उंदीर तो उंदीर."

मग इंग्लंडमधली २०१३ ची चाचणी सांगितलीत. डिप्रेशनचे ७५५ रुग्ण. काहींना नेहमीच्या उपचारांसोबत ॲक्युपंक्चर, काहींना समुपदेशन, काहींना फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण आपल्याला सुया मिळताहेत की नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे आशेचा, आपुलकीचा वाटा किती आणि सुईचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६४ चाचण्या घेतल्या होत्या, पण पुरावा बहुतेक ठिकाणी कमी दर्जाचाच ठरला. स्वतःच्या धंद्याबद्दल हे पेशंटला कोण सांगतं?

मगच म्हणालात, "टिकली काढून ठेवा." यिनतांग बिंदू बरोब्बर कुंकवाच्या जागी! दुसरी सुई टाळूवर. सुया केसासारख्या बारीक, पाकीट माझ्यासमोर फोडलेलं, आणि एकदा वापरलेली थेट डब्यात. टोचल्याचं फारसं कळलं नाही. नंतरचा जडपणा मात्र चांगलाच कळला.

हळूहळू झोप लागू लागली. मी हुरळून "गोळ्या बंद करू का?" विचारलं, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदाच चढला. गोळ्यांचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा, माझाही नाही आणि तुमचाही नाही, असं ठणकावून सांगितलंत. त्याच कागदाच्या मागे टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिलात, रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं तर लावायला. त्याबद्दल तर दोनदा आभार.

मला बरं गोळ्यांनी वाटलं, सुयांनी, की अर्धा तास कुणी काही न विचारता पडू दिलं त्यानं, याचा हिशेब मी मांडत बसत नाही. सारसबागेत परत जाऊ लागले आहे.

एक विनंती. दवाखान्याच्या जिन्याला कठडा लावून घ्या. तुमच्याकडे येणाऱ्यांत मनाचे असोत की आणखी कशाचे, निम्म्यांचे गुडघे कुरकुरतातच.

कळावे,
तुमची पेशंट,
एक निवृत्त शिक्षिका