त्या दोन बिस्किटांसाठी

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मे महिन्याच्या उन्हात पदराने तोंड बांधून नागपुरात तुमच्या धंतोलीच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये आलेली 41 किलोची बाई आठवते का? ती माझी आई.

आठ महिन्यांत तिचं 17 किलो वजन उतरलं होतं. जेवली की अर्ध्या तासात पोट धरून बसायची. एंडोस्कोपी झाली, दोनदा साधी सोनोग्राफी झाली, गॅसच्या गोळ्यांनी डबा भरला. एका मोठ्या डॉक्टरांनी तर तिच्यासमोरच मला सांगितलं, ‘या वयात असं होतं, घरच्यांचं लक्ष हवं असतं.’ आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ते वाक्य मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवायच्या आधीच विचारलंत, ‘मावशी, भूक लागत नाही की जेवायची भीती वाटते?’

‘भूक तं लागते बाई. पन खायचं भेव वाट्टे.’

एवढा फरक आठ महिन्यांत कुणी विचारला नव्हता.

पोटातल्या गॅसमुळे नीट दिसत नव्हतं. तेवढं लिहून तुम्ही मोकळ्या होऊ शकला असता. पण हळूहळू दाबत, तिला कूस बदलायला लावत तुम्ही शोधत राहिलात. शेवटी आतड्याला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या तोंडाशी डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीवर, रक्ताचा वेग सेकंदाला 400 सेंटिमीटरच्या वर निघाला. रक्त जोरात वाहतंय तर वाईट काय, हे मला कळेना. तुम्ही म्हणालात, ‘पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी लांब उडतं ना, तसं आहे हे. उपाशीपोटी 275 च्या वर गेलं तरी आम्ही सावध होतो.’ जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं, ते अरुंद नळीतून पोचत नाही, म्हणून दुखतं. मशीन तर आधीच्यांकडेही होतं.

पुढे सीटी अँजिओग्राफी, स्टेंट सगळं नीट पार पडलं. पण माझ्या डोळ्यांसमोरून त्या दिवशीचा बाक हलत नाही. आई आदल्या रात्रीपासून उपाशी, दुपारचा एक वाजलेला. मी बिस्किटांचा पुडा पुढे केला, तिने मान फिरवली. तुम्ही बाहेर आलात. दाराशी पाच-सहा पेशंट ताटकळत होते, तरी तिच्याशेजारी बसलात. ‘दोनच खा मावशी. दुखलं तर मी आहे इथे.’ पाण्यात बुडवून तिने दोन बिस्किटं खाल्ली, तोवर तिचा हात तुमच्या हातात होता. नंतर दुखलंच थोडं, आणि तुम्ही दोनदा दार उघडून बघून गेलात. तिचं दुखणं खरं मानून कुणी तिच्याजवळ बसलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचा दवाखान्यावर विश्वास टिकतो.

आता ती 47 किलोची आहे. काल स्वतः वडाभात केला, वरून फोडणीचं तेल घेतलं आणि मला म्हणाली, ‘त्या डॉक्टरबाईले डबा नेऊन दे.’ रविवारी सकाळी तुम्ही सेंटरवर असता का?